सभागृहात हात वर करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र:

स. न. वि. वि.

मी एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून पहिल्यांदाच निवडून आले आहे. त्याआधी चौदा वर्षे मी शिवणवर्ग चालवत होते. राजकारणाशी माझा संबंध एवढाच की माझे दीर पक्षाचे काम करतात. निवडून आल्यापासून सकाळी सहापासून दारात माणसे असतात. कुणाला मुलाचा शाळाप्रवेश हवा असतो, कुणाला दवाखान्याचे बिल कमी करून हवे असते, कुणाच्या भावाला पोलीस ठाण्यातून सोडवून आणायचे असते, आणि लग्न-बारशांची तर गणतीच नाही. दुसरीकडे, पहिल्याच सर्वसाधारण सभेत बावीस विषय अर्ध्या तासात मंजूर झाले. गटनेत्यांनी हात वर करायला सांगितले, मी केला. घरी परतताना शेजारच्या निवृत्त गुरुजींनी विचारले, “आज काय मंजूर केलेत?” मला एकही विषय धड सांगता आला नाही. नगरपरिषदेच्या कार्यालयात माझ्याऐवजी बहुधा दीरच जातात आणि अधिकारीही त्यांनाच फोन करतात. माझे नेमके कर्तव्य कोणते, हे कृपया सांगाल का?

एक नवीन नगरसेविका

उत्तर:

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. दारातली गर्दी, गटनेते, दीर या सर्वांविषयी आपण लिहिले आहे, परंतु माझे लक्ष खिळले ते गुरुजींच्या प्रश्नावर. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर देता येणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. बाकीची बहुतेक कर्तव्ये त्यातूनच निघतात, असे नगरपरिषदेत दोन वेळा निवडून येऊन दहा वर्षे काढल्यानंतर माझे मत झाले आहे. म्हणून तेथूनच सुरुवात करते.

आपल्या पदाला सारे नगरसेवक म्हणतात, आणि त्यातल्या ‘सेवक’ या शब्दामुळे भेटेल त्याचे काम करून देणे म्हणजेच सेवा, अशी लोकांची आणि कालांतराने आपलीही समजूत होते. कायद्याची कल्पना वेगळी आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या आपल्या मूळ कायद्याने शहराचा कारभार एकत्र बसून निर्णय घेणाऱ्या परिषदेकडे सोपवला आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, पथदिवे असे १८ विषय नोंदवले. तेही संस्थेसाठीच आहेत. एकट्या सदस्याला यातले काहीही परस्पर करण्याचा अधिकार नाही. ठरावांची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात आणि ते राज्य शासनाचे अधिकारी असतात. त्यामुळे सफाई कामगाराला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवणे, ठेकेदाराला तोंडी हुकूम देणे किंवा लिपिकाला खुर्चीतून उठवून कामाला लावणे आपल्या अधिकारात बसत नाही, मग ते कितीही सवयीचे झालेले असो. सभेत बोलणे, माहिती मागणे, सूचना मांडणे आणि मत देणे, एवढाच आपला अधिकार आहे. ऐकायला तो थोडा वाटतो, पण प्रभागातल्या प्रत्येक गटाराचा आणि घरपट्टीतल्या प्रत्येक रुपयाचा निर्णय सभेच्या नाहीतर समितीच्या टेबलावरूनच जातो.

आता त्या बावीस विषयांकडे येऊ. सभेच्या काही दिवस आधी नोटीस आणि विषयपत्रिका आपल्या घरी पोचते आणि ती मिळाल्याची सही घेतली जाते. ती विषयपत्रिका त्याच रात्री वाचायला बसा. तिच्यात विषय एका ओळीत असतो, उदाहरणार्थ ‘प्रभाग क्रमांक ६ मधील रस्ता काँक्रिटीकरणाच्या निविदेस मंजुरी देणे’. त्या एका ओळीमागे कार्यालयात एक फाइल असते, आणि तिच्यात कार्यालयाची टिपणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता असतो. ती फाइल पाहायला मिळावी असे पत्र मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि पोचपावती घ्या. पैसा कोणत्या निधीतून येणार, निविदा अंदाजपत्रकीय दरापेक्षा किती जास्त वा किती कमी आहे, आणि हाच रस्ता मागे केव्हा झाला होता, हे तिच्यात दिसते. रस्त्याच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट नेहमी विचारत असे: त्याच्या पोटातली जुनी जलवाहिनी आधी बदलली आहे का? काँक्रीट ओतून सहा महिने होत नाहीत तोच पाइप फुटला म्हणून तोच रस्ता ब्रेकरने फोडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या सभेने तो रस्ता मंजूर केला, त्या सभेत हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर लोकांचे पैसे दोनदा गेले नसते. दोषदायित्वाचा कालावधी किती, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने ते किती काळ स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे, हेही विचारावे.

विषयपत्रिकेच्या शेवटी बहुधा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक ओळ असते. तिच्याविषयी मी अनुभवाने सांगते. माझ्या दुसऱ्याच सभेत असे सात विषय आले. चहा येऊन गेला होता, खुर्च्या सरकू लागल्या होत्या. ‘मोकळ्या जागेचा विकास करण्यासाठी ती संस्थेस देणे’ असे काहीसे वाचून दाखवले गेले आणि सर्वांबरोबर माझाही हात वर गेला. चार महिन्यांनी त्या जागेभोवती तारेचे कुंपण पडले आणि फाटकाला कुलूप लागले. संध्याकाळी तेथे खेळणारी मुले रस्त्यावर आली. एका मुलाची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, हे कुणी होऊ दिलं, ते तेवढं शोधून द्या.” मी कार्यालयात जाऊन इतिवृत्त काढले. त्यात लिहिले होते: ‘सर्वानुमते मंजूर’. त्या सर्वांमध्ये मी होते. त्या माउलीला मी तसे सांगितले, आणि त्यानंतर न वाचलेल्या एकाही विषयाला माझा हात वर गेला नाही. जो विषय आधी कळवलेला नाही, ज्याची टिपणी समोर नाही आणि ज्यात जमीन वा पैसा गुंतलेला आहे, तो पुढच्या सभेपुढे रीतसर आणावा, अशी मागणी आपण उभे राहून करावी. ती फेटाळली गेली तर आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पुकारला जातो तेव्हा आपले म्हणणे खरोखर लिहिले गेले आहे की नाही, हे तेथेच वाचून पाहावे. एखादा ठराव बेकायदा वा लोकहिताला बाधक असेल तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि अशा वेळी त्यांच्यासमोर इतिवृत्तातली आपली नोंद फार मोलाची ठरते.

ठराव म्हणजे काय आणि त्याच्या पुढे काय व्हायला हवे, हे महाराष्ट्राला महाडने शिकवले आहे. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. अस्पृश्यांना तळ्यावर पाणी घेता आले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. अस्पृश्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत १९३७ साल उजाडले. एका लहान गावातल्या नगरपालिकेच्या सभेत वर झालेले हात हे असे माणसांच्या ओंजळीपर्यंत पोचतात, किंवा पोचत नाहीत. म्हणून ठराव झाल्यावर आपले काम संपले असे समजू नये. मागच्या तीन सभांमधील ठरावांवर काय कार्यवाही झाली, याचा अहवाल मागणे हा सदस्याचा हक्क आहे. फार थोडे सदस्य तो बजावतात.

आता दारातल्या माणसांविषयी. त्यांना परत पाठवा असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण ती आपल्यावर विश्वास टाकून येतात. परंतु आलेल्या कामांमध्ये निवड करावी लागेल. पोलीस ठाण्यातून कुणाला सोडवणे हे आपले काम नाही. तेथे वकील लागतो, आणि तसे स्पष्ट सांगण्यात काही कमीपणा नाही. जन्म वा मृत्यूचा दाखला, मालमत्तेचा उतारा अशी कामे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा नागरिकाला हक्कच आहे, आणि दिरंगाई झाल्यास अपिलाची तरतूद आहे. तेथे आपण फोन करून काम करून दिले तर त्या माणसाला हक्काची गोष्ट आपल्या उपकाराने मिळाल्यासारखी वाटते, आणि आपल्याकडे न आलेला माणूस मात्र रांगेत मागे ढकलला जातो. त्यापेक्षा मुदतींचा फलक कार्यालयात ठळक लावलेला आहे का, खिडकीवर पावती मिळते का, हे पाहा.

राहिली ती खरी आपली कामे: पाणी, गटार, कचरा, दिवा, रस्ता. ही तक्रार एकेका घराची म्हणून येते, पण ती बहुधा साऱ्या गल्लीची असते. माझ्या प्रभागाच्या टोकाला राहणाऱ्या एक आजी पाणी येत नाही म्हणून दर आठवड्याला यायच्या, आणि मी दर वेळी टँकर पाठवून द्यायचे. टँकरचे आभार मानले जात, पण पाणी काही येत नसे. शेवटी एका पहाटे साडेचार वाजता मी वही घेऊन व्हॉल्व्हमनबरोबर निघाले. त्याने चेंबरचे झाकण बाजूला केले, लोखंडी चावी बसवली आणि आटे फिरवले. पहिल्या चेंबरवर मी बारा आटे मोजले, आजींच्या गल्लीच्या चेंबरवर पाच. का, तर “पहिल्यापासून एवढेच सोडतो” असे तो म्हणाला. खेरीज वरच्या आळीत सात-आठ घरांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या होत्या. ती वही मी पाणीपुरवठा समितीपुढे ठेवली, आळीवार पाण्याच्या वेळा लेखी ठरवून फलकावर लावण्याची सूचना मांडली आणि मोटारी जप्त करण्याची मागणी केली. मोटारीवाल्यांत मला मत देणारी घरेही होती, आणि ती माझ्यावर चांगलीच रागावली. त्यानंतर आजी माझ्याकडे यायच्या थांबल्या, याचा मला आजही आनंद आहे.

कायद्याने परिषदेची कर्तव्ये आवश्यक आणि ऐच्छिक अशा दोन भागांत विभागली आहेत, आणि कलम ४९ आपण स्वतः एकदा संथपणे वाचावे. रस्त्यांवर दिवे लावणे, रस्ते व गटारे साफ ठेवणे, आग विझवणे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त करणे, पाणीपुरवठा करणे, दहन-दफनाच्या जागा राखणे ही कामे परिषदेला करावीच लागतात. स्वागत कमान हे आवश्यक कर्तव्य नाही. वार्षिक अंदाजपत्रकाची सभा आली की हाच निकष लावावा: आवश्यक कामांना पुरेसा पैसा ठेवला का, आणि मगच बाकीचे. त्याच सभेत दिव्यांगांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचा निधी मागील वर्षी खरोखर खर्च झाला की तसाच पडून राहिला, हेही विचारावे. नाल्यात वा मैल्याच्या टाकीत कामगाराला साधनांवाचून उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नालेसफाईचा ठेका मंजूर करताना यंत्रे आणि सुरक्षा साधने अटींमध्ये आहेत का, हे न पाहता कृपया हात वर करू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत आहे, पण यात सूट नाही.

आणि पैसा येतो कुठून? शासनाची अनुदाने, वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायचा) व अबंधित निधी असतोच, पण स्वतःची म्हणावी अशी मिळकत म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. वसुली पथक दारात आले की पहिला फोन नगरसेवकाला जातो, आणि “जरा सांभाळून घ्या” हे तीन शब्द फार महाग पडतात. अन्याय्य आकारणी झाली असेल तर हरकत घ्यायला, अपील करायला जरूर मदत करा. थकबाकीदाराला पाठीशी घालू नका.

आपल्या घरापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण कायदाही तेथूनच सुरुवात करतो. नगरपरिषदेच्या ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, सदस्याने स्वतः, पती-पत्नीने वा अवलंबून असलेल्यांनी अनधिकृत बांधकाम करणे, परवानगीवाचून सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणे, या गोष्टींमुळे पद जाऊ शकते. नगरपरिषदेचे नुकसान वा पैशाचा अपव्यय झाल्यास सदस्यांवर वैयक्तिक जबाबदारी टाकण्याचीही तरतूद आहे. आता विचार करा: आपल्या नावाने दीर कार्यालयात बसत असतील, तर तेथे ते काय बोलतात, कुणाला काय कबूल करतात, हे आपल्याला ठाऊक तरी असते का? जबाबदारी मात्र आपली असते, त्यांची नसते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागेवर आपण निवडून आला आहात, दीर नाहीत. त्यांचा अनुभव मोलाचा असेल, तर तो घरी चहाच्या वेळी जरूर घ्यावा, आणि त्याबद्दल कृतज्ञही असावे. परंतु सभेत, समितीत आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आपणच जावे. ‘माझ्या पदासंबंधीचा सर्व पत्रव्यवहार व दूरध्वनी माझ्याच क्रमांकावर करावा’ असे दोन ओळींचे पत्र आजच आवक विभागात द्या. भावजींना ते देण्याआधी सांगा, नंतर नको. घरात गैरसमज वाढत नाही. सुरुवातीला आवाज कापेल, शब्द अडतील. चौदा वर्षे मापे घेऊन बिनचूक कपडा बेतणाऱ्या हाताला मोजमाप पुस्तिकेतले, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या वहीतले, आकडे कळायला फार वेळ लागणार नाही, याची मला खात्री आहे.

गटनेत्यांचे म्हणणे डावलता येते का, असे आपण थेट विचारलेले नाही, पण ते आपल्या पत्रात आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ प्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व धोक्यात येऊ शकते, म्हणून पक्षादेश रीतसर निघाला आहे की केवळ खूण केली गेली आहे, हे आधी नीट समजून घ्या. रस्ते-गटारांच्या नेहमीच्या विषयांना बहुधा असा आदेश नसतो. प्रश्न विचारायला आणि चर्चेत बोलायला तर पक्षादेशाची आडकाठी कधीच नसते. पक्षाच्या बैठकीतच विषय मांडून अडचण सांगितली, तर पुष्कळदा तेथेच सुधारणा होते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या भेटीसाठी नगरपालिकेने खर्च करावा या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला, हा पैसा शिक्षणाला द्यावा असे त्यांचे म्हणणे होते, आणि विरोधाचे मत त्यांचे एकट्याचे होते. प्रस्ताव मंजूर झालाच. तरी आज त्या सभेतले आपल्याला ठाऊक आहे ते तेवढे एकच मत.

पुढच्या सभेची नोटीस आली की विषयपत्रिका घेऊन शेजारच्या गुरुजींकडे जा, आणि एकेक विषय त्यांना समजावून सांगा. जो विषय समजावताना आपण अडखळाल, त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच फाइली पाहायला मागा, आणि सभेला जाताना ते प्रश्न लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवायला विसरू नका.

आपली हितचिंतक